व्याह्याच्या दुकानात कसं जायचं

आमची गाडी नदीकडे ओढायची. शाळेकडे जाताना नदी उजव्या हाताला, आणि गाडीची ओढही उजवीकडेच. परत येताना तीच गाडी डोंगराच्या कड्याकडे जायला बघायची. मामंजी स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचे आणि म्हणायचे, जनावराला एखादी बाजू आवडतेच. जन्म घोड्यांच्या पाठीवर गेलेला माणूस. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे गवत न खाणारा घोडा.

या गाडीतून रोज सकाळी माझी मुलगी शाळेत जायची. बेगायिम तिचं नाव, दुसरीत होती. आमच्या वाडीत शाळा नाही. पलीकडच्या गावात आहे, वाटेत नदीवरचा पूल लागतो. नवरा, एर्मेक, मॉस्कोत बांधकामावर. तेव्हा नातीला सोडणं-आणणं हे आजोबांचं काम, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान. डोक्यावर पांढरी टोपी चढवून, कपडे झटकून ते असे निघायचे की जणू लग्नाची वरात नेतायत.

गाडीचं बिघडलं ते उन्हाळा संपताना. कुरणावरून तंबूचं सामान घेऊन उतरताना पुढचं चाक खडकावर आपटलं. मामंजी म्हणाले, काही झालं नाही. मी मात्र टायरच्या दुकानात वाढलेली मुलगी. दुसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता मी पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत, आतून बाहेर नेला तर करवतीचे दात. म्हणजे पुढची चाकं सरळ बघत नव्हती, एकमेकांकडे तिरकी बघत होती. अशी चाकं फिरत नाहीत, रस्त्यावर घासत जातात. कोरड्या रस्त्यावर टायर झिजतो, एवढंच. बर्फावर मात्र गाडी हातात राहत नाही.

हे मामंजींना सांगायचं कोणी? आमच्याकडे सून सासऱ्याशी चहा, गवत, पाहुणे, हवा यांवर बोलते. तुमचं चुकतंय असं बोलत नाही. गाडी मला उत्तम चालवता येते, पण घरात सासरा असताना सून स्टिअरिंगला बसली तर वाडी महिनाभर दुसरं काही बोलणार नाही. म्हणून मी सासूबाईंना सांगितलं. रात्रीचं विरजण लावता लावता त्यांनी ऐकून घेतलं आणि उसासा टाकला.

"अगं, ते कळत नाही का त्यांना? कळतंय. पण दाखवायची कुठे?"

खरी अडचण ही होती. चाकांची अलाइनमेंट करायचं यंत्र आमच्या खोऱ्यात कोचकोर गावातच मिळतं, आणि तिथलं मोठं दुकान माझ्या वडिलांचं, शारशेनचं. आता व्याह्याच्या दारात गिऱ्हाईक म्हणून कसं जायचं? व्याह्याकडे जायचं तर मेंढा घेऊन, चापान म्हणजे कापूस भरलेला मानाचा लांब झगा घेऊन, बायकांना कापड घेऊन, चार माणसांनी मिळून. मामंजी आधीच अडकलेले होते. माझ्या भावाच्या लग्नात माझ्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर असा भारी चापान घातला होता की त्याच्या तोडीचं काही नेल्याशिवाय त्या दारात पाऊल टाकणं त्यांना जड जात होतं. आणि व्याह्याने आपल्या गाडीखाली पाठीवर झोपून तेलात हात घालायचे आणि आपण बाकावर बसून बघायचं? त्यापेक्षा चालत गेलेलं बरं.

तिथल्या बाजारामागे दुसरंही एक दुकान आहे. तिथे गेलं की संध्याकाळपर्यंत माझ्या वडिलांच्या कानावर जाणार: व्याही दुसऱ्याकडे गेले, आपल्यावर विश्वास नाही. तो तर उघड अपमान.

"वसंतात जाऊ म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "कोकरं झाली की. रीतसर."

वसंतात. म्हणजे बर्फ वितळल्यावर.

मी वडिलांना फोन लावला. ते आधी मोठ्यांदा म्हणाले, आण की, तासाभरात सरळ करतो. मग थोडं थांबून म्हणाले, पण व्याह्यांना ड्रायव्हर लोकांच्या बाकावर कसं बसवू? घरात नेलं पाहिजे. घरात नेलं तर मेंढा पडला पाहिजे. आणि सध्या तर हिवाळ्याचे टायर चढवायला अख्खं खोरं माझ्या दारात रांग लावून उभं आहे, मी त्यांच्याजवळ बसणार कधी? मी म्हटलं, मग तुम्हीच या, हत्यारं घेऊन. तर त्यांना धक्काच बसला.

"जिबेक, मी मुलीच्या सासरी जाऊन म्हणू, व्याही, तुमची गाडी वाकडी आहे? शोभतं का ते?"

फोन ठेवल्यावर मी गोठ्यात गेले आणि गाईला उगाच चार शिव्या दिल्या. दोन्ही म्हातारे चांगले. दोघांचाही बेगायिमवर जीव. पण मान राखण्याच्या नादात दोघांनी मिळून माझ्या पोरीला त्या गाडीत बसवलं होतं, आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मला इतका राग कधी आला नव्हता.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मामंजींनी अंगणात जॅक लावला. गेल्या हिवाळ्याचे खिळ्यांचे टायर दोनच धड उरले होते. ते त्यांनी पुढे चढवले. मागे उन्हाळ्याचेच ठेवले, थंडीत लाकडासारखे कडक झालेले. त्यांचा हिशोब सरळ होता: घोड्याला आम्ही पुढच्या पायांना नाल ठोकतो, भार पुढे असतो, ओढतोही पुढूनच. गाडीही पुढच्या चाकांनीच ओढते. मग मागे खिळे कशाला?

घोड्याचं ठीक आहे, त्याचे मागचे पाय त्याच्या डोक्याचं ऐकतात. गाडीचं तसं नसतं. पुढची चाकं रस्ता धरून बसतात, मागची सुटतात, आणि वळणावर शेपूट पुढे यायला बघते. आमच्या दुकानात दर हिवाळ्यात अशा दोन-तीन गाड्या ट्रकवर लादून यायच्या.

मी बादली घेऊन गाडीपाशी गेले. बेगायिम तिथेच बर्फाचे गोळे करत होती.

"बेगायिम," मी मोठ्याने म्हटलं, "मागच्या चाकांपासून लांब हो. ती गुळगुळीत आहेत, घसरतील."

मामंजींनी मान वर केली नाही. हसले मात्र.

"बेगायिम, तुझ्या आईला सांग, तुझा आजोबा बर्फावरून घोडे हाकत होता तेव्हा तिच्या बापाने चाकसुद्धा पाहिलं नव्हतं."

बेगायिम माझ्याकडे बघून खिदळली. मी बादली उचलून गोठ्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी मी तिला ताप आहे असं खोटंच सांगून घरी ठेवलं, तर आजोबांनी दिवसभर तिच्या उशाशी बसून छातीला मेंढीची चरबी चोळली आणि एकदाही कुरकुर केली नाही. मला माझीच लाज वाटली. असं किती दिवस करणार होते मी?

त्यानंतर आठवडाभर ती पुन्हा त्याच गाडीने शाळेत गेली. मग ऊन पडलं, रस्ता ओला झाला आणि रात्री पुन्हा गोठला. सकाळी मी बेगायिमला गाडीत बसवलं, दार लावलं आणि काही बोलले नाही. तासाभरात शेजारचा पोऱ्या घोड्यावरून ओरडत आला की पुलावर गाडी फिरली.

मी कशी पोचले मला आठवत नाही. गाडीचं तोंड आमच्या वाडीकडे होतं आणि मागचा भाग पुलाच्या कठड्यात घुसलेला. कठडा टिकला म्हणून. मामंजी बर्फात गुडघ्यावर बसले होते, टोपी कुठेतरी पडलेली, आणि बेगायिमला अंगरख्यात गुंडाळून धरलं होतं. ती रडत नव्हती. तिचा एक हात लोंबत होता.

कोचकोरच्या दवाखान्यात कळलं, गळ्याखालचं हाड मोडलंय, जुळेल, लहान आहे. माझे वडील दुकान उघडं टाकून धावत आले होते. दवाखान्याच्या दारात दोघे व्याही समोरासमोर आले आणि "तुम्ही आधी", "छे, तुम्ही आधी" असं करत थांबले. मी दोघांच्या मधून बाहेर पडले.

मग सगळं रीतसर झालं. व्याही दारात आलेत म्हटल्यावर मेंढा पडला. गाडी ट्रकवरून दुकानात आली. वडिलांनी रांग बाजूला सारून ती स्वतः यंत्रावर चढवली, वाकलेले भाग बदलले, चाकं सरळ केली, चारही खिळ्यांचे टायर बसवले. जे दोन महिने होत नव्हतं ते एका दुपारी झालं. संध्याकाळी आम्ही सगळे वडिलांच्या घरात, जेवण मांडलेल्या चटईभोवती बसलो. मामंजी मानाच्या जागी, खांद्यावर पुन्हा एक नवा चापान. मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे. मी खालच्या टोकाला, दाराजवळ, चहा ओतत.

वडील म्हणाले, रस्ताच वाईट आहे, व्याही, सरकार त्या पुलाकडे बघतच नाही. मामंजी म्हणाले, यंदा बर्फही लवकर आलं. वडील म्हणाले, हो, फारच लवकर. चाकांचं नाव कोणी घेतलं नाही. दोघे एकमेकांना इतकं सांभाळून घेत होते की ऐकून कोणालाही बरं वाटावं.

मामंजींनी मेंढ्याचा कान कापून बेगायिमला दिला, लहानांना देतात तसा. तिने डाव्या हाताने घेतला, उजवा गळ्यात बांधलेला होता. माझ्या आईची बहीण आसिपा मावशी तिला म्हणाली, फार घाबरलीस का गं?

"नाही," बेगायिम म्हणाली. "परवापण फिरली होती गाडी. तिथेच. पण थांबली."

सगळे तिच्याकडे बघू लागले. मामंजींचा हात सुरीवर थांबला.

"परवा?" मी विचारलं. "मग घरी का नाही सांगितलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच काहीतरी विसरलेय.

"आजोबांना वाईट वाटलं असतं. मोठ्यांची चूक सांगायची नसते ना. तू पण नाही सांगत."

मग आसिपा मावशीने तिचा गाल कुरवाळला.

"बघा, केवढीशी पोर, पण काय वळण लावलंय आईने."

बायकांनी माना डोलावल्या. वडीलही डोलावणार होते. मी चहाची किटली खाली ठेवली.

"मामंजी," मी म्हटलं. त्यांच्याकडे बघून म्हटलं. "तुम्ही मागे जुने टायर ठेवलेत ते चुकलं. चाकं वाकडी असताना पोरीला नेलंत ते चुकलं. बाबा, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही आला नाहीत. आणि मी तिला रोज माझ्या हाताने त्या गाडीत बसवत होते. हे वळण नाही, मावशी. परवा ही मेली असती तरी गप्पच मेली असती."

आईने "जिबेक!" म्हणून माझी बाही ओढली. वडील पानातल्या मांसाकडे बघत राहिले. मामंजींनी खांद्यावरचा नवा चापान उतरवला, घडी केली आणि बाजूला ठेवला. ते रागावलेत की रडतायत हे मला त्यांच्या तोंडावरून कळेना, आणि अजूनही कळलेलं नाही.

बेगायिम सरकत माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाला लागली.

"आई, हळू बोल ना. आता सगळे तुला वाईट म्हणतील."

"म्हणू देत," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, तिला ऐकू जावं म्हणून.