खल्फानच्या दोरीच्या पाच गाठी

इसवी सन १९८२च्या नोव्हेंबर महिन्यात, ओमानमधील सूर बंदरी, खाडीकाठच्या गलबतांच्या कारखान्यात, दोन माणसांच्या समक्ष माझ्या अंगावर पाच गाठी पडल्या. मित्रांनो, मी एक जुनी काथ्याची दोरी आहे.

माझे तारुण्य एका गलबताच्या नांगराला बांधलेल्या अवस्थेत गेले. ते गलबत त्या कारखान्यातल्या उस्ताद खल्फानने बांधले होते. मालक मागत गेला आणि उस्ताद देत गेला. वर एक खोली चढली, मग तिच्यावर दुसरी. पहिल्याच फेरीत गलबत कुशीवर कलले. ते मोडीत निघाले, तेव्हा उस्तादने मला सोडवून घरी आणले. या उपकाराची मी आजही ऋणी आहे. पुढे त्याचे सारे करार माझ्यावर होऊ लागले. ठरलेली प्रत्येक बाब म्हणजे एक गाठ. नवी हवी असेल, तर मागणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक जुनी सोडायची.

नाखवा सुवैदच्या गलबताच्या गाठी होत्या लांबी, रुंदी, उंची, माल भरायचा तळ आणि पाचवी, रजब महिन्याच्या पौर्णिमेची भरती. त्या भरतीला गलबत पाण्यात उतरले नाही, तर त्यानंतर येणारे पावसाळी वारे समुद्र बंद करणार होते, आणि सुवैदचे आठ खलाशी दुसऱ्या नाखव्याकडे जाणार होते.

मार्चमध्ये कॉफी पिता पिता सुवैद म्हणाला, "उस्ताद, वर एक खोली काढा की. चार फळ्यांचं तर काम."

"सुवैद, गेल्या आठवड्यात तुला कठडा उंच हवा होता. तोही चार फळ्यांचाच." खल्फानने मला खुंटीवरून काढले. "घे. कोणती सोडतोस?"

"मालाच्या तळाची सोडली तर?"

"मग खजूर डोक्यावर घेऊन जा."

"आणि भरतीची?"

"खलाशांना तूच सांगायचंस."

सुवैदने मला खाली ठेवले. "माझी सासू बरी हिच्यापेक्षा."

परंतु मोह केवळ मागणाऱ्यालाच होतो, हे मला मान्य नाही. एप्रिलात खल्फान कोळशाने गलबताच्या मागच्या बाजूवर वेलबुट्टी रेखू लागला. ती कोणी मागितली नव्हती. सुवैदने पाहिले आणि मला आणून त्याच्या हातात दिले.

"उस्ताद, ही वेल कोणत्या गाठीत आहे?"

"ती माझ्याकडून भेट."

"कोरायला किती दिवस?"

"बारा."

"भरती नऊ दिवसांवर आहे. सोडा पाचवी."

खल्फानची बोटे त्या गाठीवर बराच वेळ थांबली. मग त्याने ओले फडके घेतले आणि कोळसा पुसून टाकला. "गलबत तुझं," तो म्हणाला. "हौस माझी होती."

आता लाकडी गलबते क्वचितच बांधली जातात. मध्यंतरी मला शेळीही बांधली होती. तिचाही मला राग नाही. मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, आणि माझ्यावर गाठ मारताना दोघेही हजर राहा, एवढीच विनंती आहे.

त्या वर्षी रजबच्या पौर्णिमेला सुवैदचे गलबत भरतीवर सरळ तरंगले. आठही खलाशी चढले. सुवैदने शेवटी चढून फळ्यांवर दोनदा पाय आपटला, मग काठावरच्या खल्फानकडे वळून म्हणाला, "ठरलं होतं तेच मिळालं."