चार वर्षांची मालकीण

सॅक्रॅमेंटोजवळच्या फ्लोरिन गावात तोकुजिरो हामासाकीनं अकरा एकर माळरान फोडून तिथं स्ट्रॉबेरी पिकवली. पण रान त्याच्या नावावर नव्हतं. जपानहून आलेल्या माणसाला कॅलिफोर्नियात जमीन घेता येणार नाही, असा कायदाच होता. इथं जन्मलेलं मूल मात्र अमेरिकन. म्हणून खरेदीखतावर नाव होतं त्याच्या लेकीचं, मित्सुयेचं. वय वर्षं चार. कागदोपत्री तोकुजिरो तिचा गडी होता.

१९२१च्या मे महिन्यात, तोडणी ऐन भरात असताना, तपासणीला एक गोरा साहेब आला. माणूस सज्जन, पण भारी काटेकोर. शेत खरंच मालक चालवतो, की गडीच मालक होऊन बसलाय, हे त्याला बघायचं होतं. मालकीण झोपली होती. साहेब तासभर पायरीवर थांबला. ती उठल्यावर त्यानं टोपी काढली आणि विचारलं, "हा माणूस काम नीट करतो का?"

मित्सुयेनं बापाकडे बघितलं. सकाळीच त्यानं तिच्या बादलीतले बेडूक ओढ्यात सोडून दिले होते.

"नाही," ती म्हणाली. "त्याला घालवून द्या."

तोकुजिरो हसला. साहेब हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं आणि तोकुजिरोला शांतपणे समजावलं, की हिच्या शब्दाला किंमत नसेल तर जमीन हिची नाही, मग ती सरकारजमा होईल. किंमत असेल, तर तुझी नोकरी गेली. तोकुजिरोनं अंथरूण गुंडाळलं आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या गोदामात जाऊन राहिला.

दोन दिवस तो तिथून आपली फळं लाल होऊन मऊ पडताना बघत होता. बायको इशिनो एकटी किती तोडणार? कुंपणावरून भाताचे गोळे देताना ती म्हणाली, "मालकीण विचारत होती, बाबा कुठं गेले. मी म्हटलं, तूच काढलंस की."

तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आला. तेव्हा तोकुजिरो लग्नातला कोट घालून लेकीसमोर उभा राहिला आणि कमरेतून पार खाली वाकला. "मालकीणबाई, मला कामावर घ्या."

बापाला असं वाकलेलं बघून पोर घाबरली. तिनं भोकाड पसरलं आणि त्याच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडेचना.

"हे 'हो' समजायचं की 'नाही'?" साहेबानं विचारलं.

"होच, साहेब," इशिनो म्हणाली.

नव्या करारावर अंगठा उठवण्याआधी मित्सुयेनं हुंदके देत एक अट घातली: रोज खांद्यावर बसवायचं. साहेबानं तीही करारात घातली.

हंगाम संपेपर्यंत तोकुजिरोनं मालकिणीला मानेवर घेऊन तोडणी केली. जूनमध्ये एकदा साहेबाची मोटार रस्त्यावर थांबली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि टोपी उचलून मित्सुयेला नमस्कार केला. तोकुजिरोकडे त्यानं पाहिलं नाही.