निंगप्पानं भर बाजारात रांधलं

निंगप्पा अकरा वर्षं सिकंदराबादला रेल्वेच्या एका इंजिनियर साहेबाकडं खानसामा होता. त्याच्या गावाला, खटकचिंचोळीला, ठाऊक होतं ते एवढंच, की तो रेल्वेच्या गोदामात कारकून आहे. गळ्यात लिंग घालणारा लिंगायत माणूस साहेबासाठी मासळी रांधतो, हे गावात सांगायची त्याची छाती झाली नव्हती. बायकोला, अक्कम्माला, त्यानं तिसऱ्या वर्षी सांगितलं. तिनं दोन दिवस अन्न सोडलं. पुढं त्या विषयावर कधी अवाक्षर काढलं नाही.

लेक महानंदा औरादच्या एका घरी द्यायची ठरली. नवरदेवाचे चुलते कापडखरेदीला सिकंदराबादला गेले. व्याह्याला भेटून यावं म्हणून पत्ता काढत भर उन्हात बंगल्याच्या मागल्या दाराशी पोचले. आत निंगप्पा झिंग्यांवर ब्रँडी ओतत होता. तव्यावर वीतभर जाळ उठला होता. चुलते पाणीसुद्धा न पिता परत फिरले.

शिमग्याच्या सुमाराला निंगप्पा गावी आला तर मठाच्या ओसरीवर बैठक तयारच होती. मधोमध शिवशरणप्पा बसले होते. निंगप्पाच्या बापाचे ते जुने दोस्त; माणूस वाईट नव्हता.

“निंगप्पा, औरादचे सांगायलेत ते खरं हाय का?”

“खरं हाय.”

“काय रांधत व्हतास?”

“झिंगे. लोण्यात परतायचे, ब्रँडी ओतून पेटवायची, मग साय घालायची. साहेबाला लई आवडतंय.”

कोणीतरी तोंडाला उपरणं लावलं.

“तू खाल्लास?”

“न्हाई. चव बी बघितली न्हाई कधी. वासावर करतो.”

बैठक एकदम सैल झाली. शिवशरणप्पांनी मांडीवर थाप मारली. “मग झालं की! तोंडाला लागलं न्हाई म्हंजे सुटलास. आता लिंग हातात घेऊन म्हण, हे हलक्या लोकांचं खाणं, पोटापायी हात लावला, पुन्हा लावणार न्हाई. औरादच्यांना मी समजावतो.”

निंगप्पानं लिंग हातात घेतलं. त्याला गफूरमियाँ आठवले. म्हातारे खानसामा. त्यांनीच त्याला हे सगळं शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, तुझी भाकरी कशात थापतोस? आणि नवी परात आणून, तिला कोणी मासळीचा हात लावायचा नाही म्हणून साऱ्या स्वयंपाकघराला दम दिला होता. हलके लोक म्हणायचं ते ह्यांना?

त्यानं लिंग परत छातीशी सोडलं.

“अकरा वर्षं खोटं बोललो ती माझी चूक. त्याची काय शिक्षा देताव ती द्या. पण रांधलं ती चूक न्हाई. ते माझं कायक हाय, कष्टाची पूजा.”

“कायक? दारूत झिंगे?”

“घाम गाळून केलोय. त्याला दुसरा शब्द असंल तर सांगा.”

आवाज चढले. निंगप्पा उठून घरी आला. त्याच्या आधीच बातमी पोचली होती.

“कामून म्हणला न्हाईत ते दोन शब्द?” अक्कम्मा कडाडली. “लेकीचं मोडायलंय!”

उत्तर दिलं ते महानंदानं. “अव्वा, औरादचे उन्हातान्हाचं चालत गेले अन् अप्पांच्या हातचं पाणी प्याले न्हाईत ते. त्या घरी अप्पा मला भेटायला आले तर त्यांना कुठं बसवतील?”

अक्कम्मा गोठ्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार. निंगप्पानं धुतलेलं धोतर नेसलं. मांजरा नदीतले झिंगे विकणाऱ्या सोजराबाई भोईणीकडून बोटाएवढे झिंगे घेतले. परवान्याच्या दुकानातून मोहाच्या दारूची बाटली घेतली आणि ती न झाकता, हातात धरून, साऱ्या बाजारातून चालत आला. लिंबाखाली तीन दगड मांडून चूल पेटवली. सुईनं एकेका झिंग्याची काळी शीर काढली. माणसं भोवती गोळा झाली.

साय तेवढी मिळेना. गवळ्यानं हात जोडले. “अण्णा, मठाचा रतीब हाय माझ्याकडं. मला यात धरू नका.”

लोणी तापून करपायला आलं. निंगप्पानं तवा उतरवला. मागं कोणीतरी हसलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. अक्कम्मा आली होती. हातात वाडगं. तिनं चुलीकडं पाहिलं नाही.

“धरा. सकाळचीच हाय, आपल्या म्हशीची,” ती म्हणाली आणि चुलीकडं पाठ करून तिथंच खाली बसली.

निंगप्पानं तवा परत चढवला, झिंगे टाकले, मिरी टाकली. झिंगे वळून लाल झाले तशी दारू ओतली आणि तवा कलता केला. भक्कन जाळ उठला, लोक मागं सरले. मोहाची ब्रँडीपेक्षा उग्र. तिचा झोंबरा वास मरेपर्यंत तो थांबला, मग विस्तव ओढून मंद आचेवर साय सोडली. फुटली नाही. बदामी रंगाचा दाट रस्सा झाला.

पहिली भाकरी सोजराबाईनं बुडवली. “आमी नुसतं तिखटमीठ लावताव. हे गोडसर लागायलंय,” ती म्हणाली आणि थोड्या वेळानं परत भाकरी पुढं केली. मग दोन हमाल आले, चौकीचा जवान आला.

शिवशरणप्पा काठी टेकत आले. “एवढी मस्ती हाय तर तू बी खा की, सगळ्यांसमोर!”

निंगप्पा उभा राहिला. “मला वाटंल त्या दिवशी खाईन. तुमी म्हणला म्हणून खाणार न्हाई, अन् तुमी नको म्हणला म्हणून रांधायचं सोडणार बी न्हाई.”

तवा रिकामा झाला तसा त्यानं तो सगळ्यांसमोर राखेनं घासला.

चार दिवसांत सोयरीक मोडली. निंगप्पानं नवरदेवाला दिलेला रेशमी पटका औरादहून परत आला. महानंदानं तो झटकला आणि बापाच्या हातात ठेवला. “बांधा. तुमच्याच कमाईचा हाय.”

सोमवारी निंगप्पा तो पटका बांधून मठात पूजेला गेला आणि त्याचा बाप बसायचा त्या खांबाशी बसला. शेजारचे दोघं हातभर सरकले. ऊठ म्हणायला मात्र कोणी आलं नाही. आरती संपेपर्यंत तो पाठ ताठ ठेवून बसून राहिला.