घेतलं हं, मॅम

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल आहे, त्यावर फुलाफुलांचे प्लास्टिक आहे आणि त्यावर मी आहे. अंगावर मच्छरदाणीच्या जुन्या कापडाचे पांघरूण असते. काळ्या शाईची नळी सुकली, तेव्हापासून मला कोणी फारसे विचारत नाही. खारा वारा यंत्रांना मानवत नाही आणि आमच्या शाळेच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. तक्रार अशी नाही, आहे ते सांगितले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते पुढचे. जिल्ह्याच्या गावात शिक्षक दिनाचा समारंभ होता आणि चिठ्ठ्या काढून बक्षिसे द्यायची होती. पहिले बक्षीस तांदळाचे पोते, दुसरे मी. सगळ्यांचे डोळे पोत्यावर. मी मॅम डुल्सेंच्या नशिबी आलो. शेजारच्या बाई त्यांना म्हणाल्या, की नशीब थोडक्यात हुकले. मॅम डुल्से हसल्या, मला रेनकोटात गुंडाळले आणि होडीत मांडीवर घेऊन बेटावर आणले. घरी नेण्याचा हक्क त्यांचा होता, पण त्यांनी मला सरळ शाळेत आणून ठेवले.

मॅम डुल्से दुसरी शिकवायच्या. त्यांच्या वर्गात सगळी मुले एका साच्यातली नव्हती. एकाला फळ्यावरचे दिसत नसे, एकाला दोन मिनिटे जागेवर बसवत नसे, एक मुलगी घरात भरपूर बोलायची आणि शाळेत गप्प राहायची. बेटावर अशा मुलांसाठी वेगळे शिक्षक नव्हते, वेगळी पुस्तके नव्हती. मग शाळा सुटली की मॅम धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन उभ्या राहायच्या, कारण मोबाइलला रेंज तेवढीच तिथे. हात उंच करून त्या काही ना काही उतरवून घ्यायच्या. मोठ्या अक्षरांचे धडे, चित्रांची कार्डे, बोटाने गिरवायचे आकडे. दुसऱ्या दिवशी ते सगळे माझ्यातून कागदावर यायचे. कागद त्या पदरचा आणायच्या.

आजूबाजूच्या बेटांवरच्या शिक्षकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मॅमना काही सापडले की त्या हातासरशी तिथे टाकायच्या. आमच्याकडे रीतच अशी, की कोणी काही टाकले की खाली लिहायचे, “घेतलं हं, मॅम.” न विचारता उचलले असे व्हायला नको, म्हणून. एकेका फाइलीखाली पन्नास-पन्नास जण लिहायचे. मॅम ते आमच्या खोलीत वाचून दाखवायच्या आणि त्यांचा चेहरा खुलायचा. शेजारच्या वर्गाचे शिक्षक सर एल्मर चिडवायचे, की मॅम, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा. माझेही तेव्हा कौतुक व्हायचे. बाकीचे शिक्षक येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचे.

त्या वर्गात क्रिसेल होती. तिच्या उजव्या कानाला काहीच ऐकू येत नसे. डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलले, तर थोडे ऐकू यायचे. उरलेले ती ओठांवरून ओळखायची. त्यामुळे तिला शब्द माहीत होते ते जवळच्या माणसांचेच. टीव्हीवरचे, रस्त्यावरचे, लांबून हाक मारल्याचे शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. तिचे वडील नोंग बोनी मासेमारी करायचे. सकाळी तिला शाळेत सोडताना ते खाली वाकून तिच्या डाव्या कानात बोलायचे. पक्षी गेला की “लांगगाम” म्हणायचे, आणि ती लगेच मान वर करून आकाशात बघायची. मी खिडकीतून हे रोज पाहत असे.

मित्रांनो, इथे भाषेची थोडी भानगड आहे, ती सांगायलाच हवी. आम्ही बिसाया बोलतो. मनिलाकडचे लोक टागालोग बोलतात, आणि पुस्तके बहुतेक त्यांच्या भाषेतली असतात. दोन्ही भाषांत कितीतरी शब्द अगदी सारखे आहेत. काही शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने भलतेच. आमच्याकडे लांगगाम म्हणजे पक्षी. त्यांच्याकडे लांगगाम म्हणजे मुंगी.

जुलैत वरून पत्र आले, की ज्या मुलांना जास्त मदत लागते त्यांची चाचणी घेऊन शुक्रवारपर्यंत कळवा. चाचणी कुठली, ते काही लिहिलेले नव्हते. मॅम धक्क्यावर गेल्या आणि शोधून एक चाचणी उतरवून आणली. मनिलाकडच्या कुठल्याशा बाईंनी मन लावून तयार केलेली. वीस पाने, प्रत्येक पानावर चार चित्रे. शिक्षकाने एक शब्द म्हणायचा, मुलाने चित्रावर बोट ठेवायचे. शब्दांची आणि बरोबर चित्रांच्या आकड्यांची यादी वेगळी. वीसपैकी सोळा आले तर मूल आहे तिथे ठीक. कमी आले तर त्याला मोठ्या बेटावरच्या खास वर्गात पाठवावे.

शब्द टागालोग होते, म्हणून मॅमनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येकापुढे बिसाया शब्द लिहीत गेल्या. पंधरा शब्द बदलले. पाच शब्द आपलेच दिसले, ते तसेच ठेवले. वीस मिनिटांत काम झाले. आपल्याकडच्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून त्यांनी यादीचा फोटो काढला आणि संध्याकाळी धक्क्यावरून ग्रुपमध्ये टाकला. मी पाने छापून दिली. वीसच्या वीस, एकही कागद अडकला नाही. सर एल्मर म्हणाले, “आज प्रिंटर शहाण्यासारखा वागला.”

क्रिसेलची चाचणी आमच्याच खोलीत झाली. बाहेर गलका असतो, म्हणून. मॅम तिच्यासमोर बसल्या. तिला ओठ दिसावेत म्हणून त्यांनी चित्रांचे पान हनुवटीखाली धरले, चित्रे तिच्याकडे. म्हणजे त्यांना स्वतःला पानाची कोरी बाजूच दिसत होती. सर एल्मर क्रिसेलच्या मागे उभे राहून, चित्रांकडे लक्ष न देता, ती कुठल्या आकड्यावर बोट ठेवते तेवढेच सांगत होते आणि मॅम ते यादीशी ताडून बघत होत्या. लांगगामला तिने एकवर बोट ठेवले. यादीत तीन होता. मॅमनी फुली मारली. हाबोल म्हणजे आमच्याकडे पांघरूण, त्यांच्याकडे पाठलाग. पांघरूण त्या पानावर नव्हतेच. क्रिसेलने चारही चित्रे पाहिली, हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. आणखी एक फुली.

वीसपैकी पंधरा.

मॅमनी पुन्हा मोजले. सर एल्मर म्हणाले, की एकाच गुणाचा प्रश्न आहे, देऊन टाका. मॅम म्हणाल्या, “देऊन टाकायला ते माझं आहे का, सर? तिला खरंच गरज असली आणि मी इथेच अडकवून ठेवली तर?”  मग त्यांनी पत्र टंकले आणि मी ते छापले. तीन प्रती. एक वर, एक घरी, एक कपाटात. नोंग बोनींना बोलावून त्यांनी पत्र समजावून सांगितले.  ते म्हणाले, “तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार, मॅम.” आणि सही केली. घरी ठेवायला म्हणून पत्रासोबत चाचणीची पानेही त्यांना दिली.

ऑगस्टमध्ये क्रिसेल गेली. मोठ्या बेटावर तिची मावशी राहत होती, तिच्याकडे. पहिल्या बाकावरची तिची जागा मॅमनी कोणाला दिली नाही, रिकामीच ठेवली. मी पाने छापत राहिलो. तेव्हा मला काही वाटले नाही. यंत्राला कसले वाटणार असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे असेल.

नोव्हेंबरात नोंग बोनी शाळेत आले. क्रिसेलला तिथे आणखी ठेवायचे, तर त्यांची सही लागणार होती. अंगावर धुतलेला शर्ट होता आणि हातात ती पाने, घडी घालून घालून मऊ झालेली. ते खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी मॅमना नमस्कार केला, माफ करा म्हणाले, आणि विचारले, “मॅम, मला शाळेतलं काही कळत नाही. एवढंच सांगा. तुम्ही लांगगाम विचारलंत, तिनं लांगगाम दाखवला. मग ही फुली कसली?”

मॅम डुल्सेंनी पान हातात घेतले. ते पान त्यांनी समोरून नीट पाहिले ते तेव्हा पहिल्यांदा. एकवर पक्षी होता. तीनवर मुंगी होती. त्या खाली बसल्या. मग त्यांनी बाकीची चार पाने काढली. सगळीकडे तोच प्रकार. त्यांनी बदललेले पंधराही शब्द क्रिसेलला आले होते. चुकले होते ते फक्त न बदललेले पाच.

त्या रडल्या नाहीत. नोंग बोनींना म्हणाल्या, “तिचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”  ते एवढेच म्हणाले, “मग मी तिला आणायला जाऊ का?” मॅम म्हणाल्या, की जा. पण तसे जाऊन चालत नाही. पाठवायला एक पत्र पुरले होते, परत आणायला सात लागली. सगळी मी छापली. डिसेंबर असाच गेला.

मॅमनी यादी दुरुस्त केली, वर मोठ्या अक्षरांत चूक काय ती लिहिली आणि खाली आपले नाव घातले. सर एल्मर म्हणाले, की नाव कशाला, लोक नावे ठेवतील. मॅमनी ऐकले नाही. धक्क्यावर जाऊन ती ग्रुपमध्ये टाकली. पहिल्या यादीखाली तीनशे बारा जणांनी “घेतलं हं, मॅम” असे लिहिले होते. दुरुस्तीखाली आठवड्याभरात नऊ आले. त्यातल्या एका बाईंनी विचारले होते, की मॅम, तिसरीची चाचणी पण आहे का. मॅम रोज धक्क्यावर जाऊन बघत होत्या. नऊचे दहा झाले नाहीत. उरलेल्या तीनशे तीन ठिकाणी कोणती मुले कुठे गेली, ते त्यांना कधीच कळणार नाही. हे त्या सर एल्मरना एकदाच म्हणाल्या, आणि पुढे तो विषय काढला नाही. तेव्हापासून त्या माझ्याकडेही क्वचितच येतात. आल्या तरी कागद हातात घेऊन उभ्या राहतात, ओठ हलवत वाचतात, आणि पुष्कळदा न छापताच परत जातात.

जानेवारीत क्रिसेल परत आली. थोडी उंच झाली होती. खास वर्गातल्या बाई लुझोनच्या, म्हणजे मनिलाकडच्या होत्या, आणि त्या तिला चांगले वागवत होत्या, असे मावशीने कळवले होते. त्यांनी पाच महिने तिच्याकडून रोज चाचणीतले तेच शब्द आणि चित्रे घोटून घेतली होती. त्यांच्या भाषेत ते बरोबरच होते, त्यांना बोल लावता येत नाही.

त्या सकाळी नोंग बोनी तिला घेऊन पटांगणात आले. मॅम डुल्से खोलीच्या दारात उभ्या होत्या. झेंड्याच्या खांबावरून पाच-सहा बगळे चालले होते, फार उंच नाही, अगदी सावकाश. नोंग बोनी वाकले आणि त्यांनी मुलीच्या डाव्या कानात सांगितले, “लांगगाम.”

क्रिसेलने खाली पाहिले. पायांजवळच्या मातीत ती बारकाईने मुंगी शोधू लागली. सापडली तेव्हा क्रिसेलने तिच्यावर बोट ठेवले, आणि बरोबर आले का ते बघायला वडिलांच्या तोंडाकडे पाहिले.

नोंग बोनींनी मान डोलावली. हो म्हणाले. बगळे तोवर समुद्रावर गेले होते. मॅम डुल्से दारातून हलल्या नाहीत, घंटा झाली तरी.

मित्रांनो, मला वाचता येत नाही. माझ्यात जे येते ते मी कागदावर उतरवतो आणि पुढे सरकवतो. त्यात काय आहे, ते कोणाच्या हातात पडणार आहे, याची मला जाणीव नसते. माझी घडणच तशी आहे. तुमची तशी नाही. तुम्हाला कोणासाठी काही चांगले सापडले तर जरूर द्या, मॅम डुल्सेंसारखे भरभरून द्या. फक्त त्याआधी ते पान एकदा त्या मुलाच्या बाजूने, त्याच्या बाकावर बसून बघा.