दिव्यावरचा हार

खंडेनवमीला यंत्राला हार घातला की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ते सुरू करायचं नाही, हा नियम आमच्या घरात माझ्या नवऱ्याने, हिंदुरावांनी आणला. कारण देवाधर्माचं नव्हतं. भोसरीच्या ज्या वर्कशॉपात ते लेथवर होते, तिथे त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत. वर्षातून तेवढा एकच दिवस. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून जायचो, ऑइलच्या वासात पेढे खायचो, आपल्या माणसाचं मशीन कुठलं ते पोरांना दाखवायचो. एका वर्षी त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या कोंडीरामने बायकोला गंमत दाखवायला हारासकट मशीन सुरू केलं. झेंडूचा हार फिरत्या भागाला गुंडाळला गेला. सोडवायला त्याने हात घातला, आणि हारामागोमाग त्याची बाही गेली, बाहीमागोमाग हात. बटण हिंदुरावांनीच बंद केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रात्री आडवं झाल्यावर एवढंच म्हणाले, "फुलांचा दोरा तुटत न्हाई."

हिंदुराव जाऊन बरीच वर्षं झाली. माझा मुलगा ज्योतीराम एका ठेकेदाराकडे रस्त्यावरच्या दिव्यांच्या कामावर आहे. त्याची गाडी म्हणजे ट्रकवर बसवलेला एक लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस मावेल एवढी बकेट. त्या बकेटमध्ये उभं राहून तो खांबावरचे दिवे बदलतो. खालून गाड्या जात असतात. मी त्याला कामावर कधी पाहिलं नव्हतं, मुद्दामच. गाडी मुक्कामाला थेरगावात आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत असते. संध्याकाळी आला की केबिनच्या टपावरचा पिवळा दिवा तो थोडा वेळ तसाच फिरता ठेवतो, गल्लीतल्या पोरांसाठी. तो उजेड आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सरकत जातो. मला तेवढं पुरतं.

यंदा खंडेनवमीला संध्याकाळी पूजा झाली. सून स्वरूपाने चाकांना हळदकुंकू लावलं, मागच्या बाजूला दोन्हीकडे केळीचे खुंट बांधले. ड्रायव्हर सनी टपावर चढला आणि सगळ्यात जाड हार त्याने त्या दिव्यालाच तीन वेढे देऊन घातला. एक टोक ड्रायव्हरच्या पलीकडच्या दाराशी लोंबत ठेवलं.

"मावशी, बघा. नवरदेव दिसतोय का नाही?"

"दिसतोय. तुझ्यापेक्षा बरा," मी म्हणाले. मलाही तो हार आवडला होता, खोटं कशाला सांगू.

नारळ फोडून होतो तोच ज्योतीरामला साहेबांचा फोन आला. पुनावळ्यात सर्व्हिस रोडला एका खांबावरचा दिवा निखळून नुसत्या वायरवर लोंबत होता. खाली दुचाक्यांची रहदारी. कुणाच्या डोक्यात पडला तर?

"आज गाडी हलवायची न्हाई," मी म्हणाले. "हार घातलाय."

"आई, हे काय लेथ आहे का? दिवा पडला तर माणूस मरेल."

"आणि संघर्ष कुठाय?"

संघर्ष म्हणजे त्यांच्यातला तिसरा. गाडीच्या मागे लांब उभं राहून लाल झेंडी आणि शिट्टीने वाहनं बाजूला काढायची, हे त्याचं काम. तो घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीला गेला होता, दर दसऱ्याला जातो.

"सनी बघेल मागचं. पाच मिनिटांचं काम आहे," ज्योतीराम म्हणाला. "तुला दिव्याच्या घरी जायचंच आहे ना? चल, वाटेतच आहे, सोडतो."

दिव्या माझी मुलगी, पुनावळ्यात राहते. दसऱ्याला मी तिच्याकडे जाते. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी लेकीसाठी गाडीत चढले नाही. घरी बसवत नव्हतं.

पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हायवेखालच्या बोगद्यातून रस्ता वळण घेऊन वर येत होता, आणि वळण संपतं तिथेच तो खांब. कंपन्यांच्या बसेस, सणाच्या खरेदीच्या दुचाक्या, सगळे घाईत. सनीने मागे रस्त्यावर चार नारिंगी कोन ठेवले. ज्योतीरामने पट्टा कमरेला बांधला, बकेटमध्ये चढला. लोखंडी हात कुरकुरत उठला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला. माझा मुलगा त्या गाड्यांच्या वर, अंधारात. खाली केबिनमध्ये मी, आरशात बघत.

एक बस वळणावरून आली. कोनांपाशी येईपर्यंत तिला काही दिसलंच नसावं. अचानक हेलकावा घेऊन बाजूने गेली. मग दुसरी, तशीच. मागे सनी मोबाइलची बॅटरी हलवत ओरडत होता, "बाजूने, भाऊ, बाजूने!" तो एवढासा उजेड हेडलाइटमध्ये विरघळून जात होता.

मला काहीतरी कमी वाटत होतं. काय ते कळेना. बोगद्याची भिंत आरशात दिसत होती, चांगली पांढरी रंगवलेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला कळलं. भिंतीवरून पिवळा उजेड फिरत नव्हता.

टपावरचा दिवा सुरूच असेल. ज्योतीराम तो विसरत नाही. तीन वेढ्यांच्या झेंडूखाली तो आत फिरत होता आणि बाहेर काहीच येत नव्हतं. मागचे लाल दिवे केळीच्या पानांआड. आम्ही सजवून सजवून गाडी झाकून टाकली होती.

मी खिडकीतून हाक मारली. गाड्यांच्या आवाजात सनीला ऐकू गेली नाही. वर ज्योतीरामने पाहिलंही नाही. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले, लोंबणारं टोक धरलं आणि ओढलं. फुलं मुठीत आली, दोरा तसाच. हल्ली हार नायलॉनमध्ये ओवतात. दोन्ही हातांना वेढा घेऊन पुन्हा ओढलं. तळव्यात दोरा रुतला. हिंदुरावांचं ते वाक्य कानात होतं. बोगद्यात मोठ्या गाडीचा घरघराट सुरू झाला होता. मी अंगाचं सगळं वजन मागे टाकलं. पडले असते तर पडले असते.

हार एकदम घसरून माझ्या अंगावर आला, आणि भिंतीवरून पिवळा उजेड फिरला. तेव्हाच वळणावर कंटेनर दिसला. ब्रेक असे करकचले की मी डोळे मिटले. कोन चिरडल्याचा आवाज आला. रबर जळाल्याचा वास आला. मी तशीच उभी, डोळे मिटून, वरून काही पडण्याची वाट बघत.

काही पडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा कंटेनर लोखंडी हाताच्या अलीकडे थांबला होता. मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर. सनी कडेच्या कठड्याला चिकटून उभा होता. वर बकेट हलत होती आणि ज्योतीरामने दोन्ही हातांनी तिची कड धरली होती.

कंटेनरचा ड्रायव्हर खाली डोकावून सनीला म्हणाला, "बत्ती तो जला लेते पहले, भाई."

सनी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. तो वाकून चिरडलेले कोन गोळा करू लागला.

ज्योतीराम खाली आला. माझ्या खांद्यावरचा हार, रक्ताळलेले तळवे आणि टपावरचा दिवा, असं तिन्ही बघितलं. मग मागे जाऊन त्याने केळीचे खुंट उपटून काढले. गाडी आडवी लावून रस्ता बंद केला आणि साहेबांना फोन लावला.

"झेंडीला दोन माणसं पाठवा. तोवर मी वर चढत नाही." पलीकडून आवाज चढला, तो मलाही ऐकू येत होता. हॉर्नचा गोंधळ उसळला होता. "ओरडा साहेब. रस्ता बंदच राहील."

माणसं आली, तेव्हाच तो वर चढला. दिवा काढून खाली आला तोपर्यंत मी पायरीवरून हलले नव्हते. लेकीकडे त्या दिवशी गेलेच नाही.

हात बरे झाले. भीती मात्र तशीच आहे, किंबहुना आता तो कुठे उभा असतो ते मी पाहिलंय. पुढच्या खंडेनवमीला हार बंपरला घालायचा, दिव्यांना नाही, असं ज्योतीरामने ठरवून टाकलंय. मी रोज संध्याकाळी भाजी चिरून ठेवते आणि भिंतीकडे बघत बसते. पिवळा उजेड फिरला की मगच फोडणी टाकते. स्वरूपा म्हणते, "आई, रोज जेवायला उशीर होतो."

होऊ दे.