रुक्मिणीबाईंच्या पानावरचे मान्यवर

राजगुरुनगरच्या रुक्मिणीबाई कीर्तनकार चौऱ्याऐंशीच्या झाल्या आणि गौळणीची एक जुनी चाल जगात फक्त त्यांच्या गळ्यात उरली. गळाही आता कुरकुरायला लागलेला. ताथवड्याच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या सुमनताईंनी मनावर घेतलं: बाईंबरोबर ही चाल जाता कामा नये. इंटरनेटवर 'सर्वकोश' नावाचा ज्ञानकोश आहे, जो तो त्यात लिहू शकतो. तिथे बाईंचं पान करायचं आणि चाल रेकॉर्ड करून त्यावर ठेवायची.

आधी इंग्रजी सर्वकोशात लिहिलं. तिथे माणसं हजारो. अकराव्या मिनिटाला परक्या मुलखातल्या कुणा सद्गृहस्थाने पान उडवलं. का, तर छापील पुरावा नाही. ताईंनी कळवलं, "बाई हयात आहेत, त्यांनाच विचारा." त्याने अत्यंत नम्रपणे सात नियमांचे आकडे पाठवले. हयात असणं एकातही बसत नव्हतं.

मग मराठी सर्वकोशात पान केलं. इथे नियमांची कटकट नाही, कारण ते वाचायला कोणी नाही. रोजची माणसं पाच आणि पाचही प्रचालक, म्हणजे पान पुसायचा आणि त्याला कुलूप लावायचा अधिकार असलेले. बुवा पाच, टाळकरी शून्य!

मुख्य प्रचालक चिंचवडचे सदाशिवराव. ते फोनवरच गहिवरले. "ताई, मराठीसाठी एवढं करताय! सत्कार ठेवू."

"सत्कार राहू द्या हो, एक चांगला माईक बघा."

"माईक आहेच की. भाषणांना लागतो."

रविवारी सकाळी दहाला रुक्मिणीबाई टाळ घेऊन चिंचवडच्या हॉलमध्ये व्यासपीठावर बसल्या. दीपप्रज्वलन झालं. पाचही प्रचालकांना एकमेकांच्या हस्ते शाल-श्रीफळ झालं. मग 'मराठीचं ऑनलाइन भवितव्य'. त्याची काळजी पाचही जणांना होती, प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास.

"सुमन, माझा नंबर कवा?"

"आक्का, एवढं एकच भाषण."

"मगाशीबी एकच व्हतं."

पावणेदोनला बाई उभ्या राहिल्या. घोटभर पाणी प्यायल्या, टाळ वाजवला आणि त्या फाटक्या आवाजातून चाल अशी उतरली, की जेवणाच्या रांगेतली माणसं रिकामी ताटं घेऊन परत आली. सुमनताईंच्या डोळ्यांना धार लागली.

"केयूर, झालं ना रेकॉर्ड?" मोबाईल धरून बसलेल्या सगळ्यात धाकट्या प्रचालकाला त्यांनी विचारलं.

"मॅडम, मेमरी फुल," केयूर पुटपुटला. "सदाशिवसरांच्या दुसऱ्या मुद्द्यालाच."

बाईंना धाप लागली होती. पुन्हा गा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाईंचं पान उघडलं. एका रात्रीत एकेचाळीस बदल! कोश जागा झाला म्हणून ताई हरखल्या. बघतात तर 'उपस्थित मान्यवर' या यादीत जो तो आपलं नाव वर चढवत होता. शेवटी सदाशिवरावांनी स्वतःला पहिलं ठेवून पानाला कुलूप ठोकलं होतं. चालीबद्दल एकच ओळ होती: 'याप्रसंगी गायनही झाले.'

ताईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि राजगुरुनगरची बस धरली.

रुक्मिणीबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून बोळकं पसरून हसल्या. "पाच बुवा! आन् मागं म्हनाया कोन?"

"कोणीच नाही, आक्का."

"मंग घे ते टाळ. माझ्या माघारी म्हन. आन् ऐक, चुकलीस तर मी पान पुसनार न्हाई, डोक्यात टाळ घालीन."

सुमनताईंनी पहिलाच सूर चुकवला. बाईंनी शब्द पाळला.