वाघमोडे सरांची तक्रार

वाघमोडे सर कुणाचं कौतुक करत नाहीत, ही गोष्ट घाटकोपरच्या त्यांच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. पोरांना चांगलं म्हटलं की ती डोक्यावर बसतात, असं त्यांचं ठाम मत. अर्थशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला, पण वीसपैकी चौदाच्या वर मार्क त्यांच्या पेनातून कधी उतरले नाहीत. आणि शीतल गमरेचं नशीब बघा, अमेरिकेतल्या पीएचडीच्या अर्जासाठी तिला तिसरं शिफारसपत्र हवं होतं ते नेमकं याच माणसाचं.

दोन पत्रं कधीच गेली होती. एक ती नोकरी करायची त्या संस्थेतून, दुसरं एमएच्या मॅडमचं. राहिले बीएचे सर. शीतल घाबरत घाबरत त्यांना भेटली, तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे रीतच आहे ती. मग शीतलने चेंबूरच्या घरी रविवारभर डोकं खाजवून स्वतःबद्दल लिहिलं, की शीतल ही नियमित, नम्र व आज्ञाधारक विद्यार्थिनी असून तिची वर्तणूक चांगली आहे. आणि दाखवायला म्हणून ते अनुपमाताईला पाठवलं.

अनुपमा परुळेकर मुलुंडची. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, आणि ही नात अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. ज्यांच्या घरातून, वस्तीतून त्या वाटेला आजवर कुणी गेलं नाही, अशा मुलांना अर्ज कसा करायचा ते शिकवणारा एक गट तिने मित्रमैत्रिणींबरोबर काढला होता. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त कान पिळायचे. शीतलचे कान तिच्या वाट्याला आले होते. उन्हाळ्यापासून व्हिडिओवर पिळून झाले, आता डिसेंबरात बाई सुट्टीवर घरी आल्या होत्या.

पत्र वाचून तिचा लगेच फोन आला. "शीतल, हे पीएचडीचं पत्र आहे की तुला स्थळ आलंय?"

"का गं ताई, काय झालं?"

"आज्ञाधारक काय? त्यांना सून नकोय. आणि हे तू का लिहिलंस?"

"सर म्हणाले म्हणून. आणि आपलीच पाठ आपण किती थोपटायची?"

"थोपटायचीच नाही. तिथे हे चालत नाही. ज्याचं पत्र त्यानेच लिहायचं, आणि तू ते वाचायचंसुद्धा नाही. शेवटची तारीख परवा आहे ना? उद्या सरांच्या घरी जाऊ."

सरांनी मनाने लिहिलं तर वाट लागली, हे शीतलला पक्कं ठाऊक होतं. आज्ञाधारक हे निदान तिच्या बाजूचं तरी होतं. तीन वर्षांत सर तिला एकदाही बरं बोलले नव्हते. तिच्या मनाने कधीच घेतलं होतं की सरांना आपण आवडत नाही, आणि ज्या माणसाने आपल्याला शिकवलं त्याला आपण सुमार वाटतो, तर तिकडचे लोक कशाला वेगळं म्हणतील?

सरांचं घर पंतनगरात, दोन खोल्यांचं. दार सरांच्या पत्नी सुगंधाकाकूंनी उघडलं. अनुपमाने आल्या आल्या शीतलला आत पिटाळलं. "तू स्वयंपाकघरात बस. ऐकायचं नाही हं." आता वाघमोडे सरांचा आवाज म्हणजे शंभर पोरांच्या वर्गात माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि स्वयंपाकघराला दाराऐवजी नुसता पडदा. न ऐकायला शीतलने कान घरी ठेवून यायला हवे होते.

काकूंनी तिच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या. "सोल. हात गुंतले की भीती कमी होते." मग हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या कौतुकाची वाट बघू नकोस हो. माझ्या जेवणाला लई झालं तर 'मीठ बरोबर आहे' म्हणतात. तेवढं ऐकायला पोरगा दहावीला जावा लागला."

बाहेर कॉम्प्युटरवर विद्यापीठाचा शिफारसपत्राचा फॉर्म उघडला. "विद्यार्थिनी कशी आहे, निवडा," सरांनी वाचलं. "ही केली खूण. चांगली."

"सर, तिकडे 'चांगली' याचा अर्थ 'हिला घेऊ नका'," अनुपमा म्हणाली.

"मग चांगल्याला काय म्हणतात?"

"असामान्य."

"आणि असामान्याला?"

"त्यालाही असामान्यच."

"ही तर सरळ सरळ चलनवाढ आहे," सर भडकले. "शब्दांची किंमतच ठेवली नाही लोकांनी. मॅडम, मला कौतुक जमत नाही. ती लिहून आणणार होती ते आणा, मी सही करतो."

शीतलचा हात थांबला. संपलं, तिला वाटलं.

अनुपमा म्हणाली, "बरं, कौतुक राहू द्या. तिच्याबद्दल काही तक्रार आहे का?"

"एक आहे होय?" सरांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "मी शिकवतोय, भाव चढला की मागणी उतरते. ही उभी राहते. म्हणे, आमच्या गल्लीतल्या क्लासने फी वाढवली आणि पोरं दुप्पट झाली. मी म्हटलं, चूक आहे, खाली बस. आठ दिवसांनी बया हजर. चेंबूरपासून घाटकोपरपर्यंत जेवढे क्लास, तेवढ्यांची फी आणि पोरांची संख्या घेऊन. ज्या नोट्सवर दोन पिढ्या पास झाल्या, त्यातला अख्खा धडा मला परत लिहायला लागला."

शीतलला हे माहीतच नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच, की सर 'खाली बस' म्हणाले होते.

"अजून?" अनुपमाने विचारलं.

"परीक्षेत माझाच प्रश्न चुकीचा ठरवला. उत्तरपत्रिकेवर लिहिते, यात एक गोष्ट गृहीत धरल्याशिवाय उत्तर निघत नाही. मग धरून एकदा सोडवलं, न धरता का सुटत नाही तेही दाखवलं. मी चौदा दिले. अठरा दिले असते तर हवेत गेली असती. आणि ते कँटीनचं? नापास झालेल्या पोरांना घेऊन रोज तिथे शिकवत बसायची. सगळी पास. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, वाघमोडे, पेपर फुटला का?"

"दाणे भांड्यात गं," काकू पुटपुटल्या. शीतल केव्हापासून टरफलं भांड्यात आणि दाणे केराच्या टोपलीत टाकत होती.

"सर," बाहेर अनुपमा म्हणाली, "हेच लिहा. एक शब्द बदलू नका."

"तक्रार लिहू?"

"तक्रारच लिहा."

सर दोन बोटांनी इंग्रजीत टाइप करत होते आणि प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणत होते. क्लासची फी, चुकलेला प्रश्न, कँटीन, सगळं. इतकी वर्षं झाली, आणि या माणसाच्या लक्षात एकूण एक गोष्ट होती. शीतलला एकदम भरून आलं. सरांचा तो राग नव्हताच, आणि आपण मात्र तीन वर्षं तो राग समजून कुढत बसलो.

शेवटी अनुपमा म्हणाली, "आता एकच राहिलं. तुम्ही आजवर शिकवलेल्या सगळ्या मुलांमध्ये ही कुठे बसते?"

शीतल श्वास रोखून बसली. काकूंनीही गॅस बारीक केला. पण पडद्यापलीकडे सरांनी, आयुष्यात पहिल्यांदा असेल बहुतेक, आवाज खाली आणला. काहीतरी बोलले ते. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, पण पडद्याच्या अलीकडे एक अक्षर आलं नाही. मग बोटांची टकटक झाली आणि पत्र गेलं.

अनुपमा आत आली तेव्हा नाक पुसत होती. "काय म्हणाले?" शीतलने विचारलं.

"नियम आहे. नाही सांगणार." ती हसली आणि पाणी प्यायला वळली.

मागोमाग सर आले आणि दारात उभे राहिले. त्यांनी शीतलकडे बघितलं, मग मटारकडे. "ऐकलं नाहीस ना काही?"

"नाही सर."

"बरं. गणित अजून कच्चं आहे तुझं. तिकडे जाऊन झोपा काढू नकोस." ते वळले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच थांबले. "ते क्लासच्या फीचं. मी चूक म्हणालो होतो."

"हो सर."

"बरोबर होतं."

ते बाहेर निघून गेले. काकूंनी डोळे मोठे करून पडद्याकडे पाहिलं, मग शीतलकडे, आणि म्हणाल्या, "तुला फारच लवकर मिळालं बाई." शीतलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान खाली घालून मटार सोलत होती. टरफलं पुन्हा भांड्यात पडायला लागली होती. काकूंनी या वेळी तिला काही म्हटलं नाही.